पाचवं नाक

मुलांनो, आधी एक करा. स्वतःचं नाक चिमटीत धरा. घट्ट धरा, तोंडाने श्वास घ्या, आणि कल्पनेनेच माझ्याबरोबर एका लिफ्टमध्ये चला. लिफ्ट जुनी आहे, दार हाताने ओढून लावायचं, आत एक आरसा आणि आरशाला आडवा तडा. सकाळची वेळ. आरशासमोर एक बाई उभी आहे, कारखान्यात निघालेली. तिला बिलगून तिची मुलगी. शाळेला सुट्टी आहे म्हणून आज तीही आईबरोबर निघाली आहे. आणि कोपऱ्यात त्या मुलीचे आजोबा, म्हणजे त्या बाईचे वडील, इस्त्रीचा शर्ट घालून, गुळगुळीत दाढी करून, लग्नाला निघाल्यासारखे. मधल्या एका मजल्यावर लिफ्ट थांबते. एक रंगारी आत येतो. त्याच्या हातात थिनरचा डबा आहे आणि डब्याला झाकण नाही. बाई पदर नाकाला लावते. मुलगी "शीऽऽ" करून आईच्या कुशीत तोंड खुपसते. बाई म्हणते, "अहो, झाकण तरी लावा!" रंगारी म्हणतो, "वरच राहिलं, ताई. खाली जाईपर्यंत सोसा." आणि आजोबा? आजोबा नुसते बघत राहतात. डब्यात हलणारा तो पाण्यासारखा द्रव त्यांना दिसतो. डोळे किंचित चुरचुरतात. बाकी काही नाही. आत, नाकाच्या वरच्या टोकाशी, जिथे काहीतरी घडायला हवं होतं, तिथे काहीच घडत नाही.

आता तुम्ही चिमटी सोडली तरी चालेल. आजोबांना मात्र ती सोडता येत नव्हती.

खाली आल्यावर ते गाडीत मागे बसले आणि खिडकीबाहेर बघू लागले. शेजारी नात बसली होती. घरात तिला सगळे मुंगी म्हणत, कारण गोड कुठे ठेवलंय ते तिला न सांगता कळायचं. "आजोबा, तुम्ही आज काय काय हुंगणार?" तिने विचारलं. "बरण्या," आजोबा म्हणाले, आणि पुन्हा खिडकीकडे वळले. थिनर! थिनरचा वास येऊ नये? ज्या माणसाने उभी हयात द्रावकांत घालवली, त्याला? त्यांच्या कारखान्यात मोठमोठ्या पिंपांत प्लास्टिकचे दाणे द्रावकात विरघळवायचे, मधासारखं दाट झालं की पसरून त्याच्या शीट करायच्या, आणि त्या गरम खोल्यांत टांगून वाळवायच्या. वाळल्यासारख्या दिसायच्या लवकर, पण द्रावकाचा शेवटचा अंश आत दडून बसायचा, घरी जायला तयार नसलेल्या पाहुण्यासारखा. तो आहे की गेला, हे सांगायचं काम आजोबांचं. शीटची कड दुमडायची, नाकाशी धरायची, डोळे मिटायचे. "अजून एक दिवस टांगा," ते म्हणत, आणि शीट पुन्हा टांगली जाई. मोठ्या साहेबांना घाई असली तरी टांगली जाई. पोरंटोरं त्यांना नाकसाहेब म्हणत. तोंडावर म्हणत, आणि आजोबांना ते आवडे. संध्याकाळी घराच्या दारातच बायको त्यांना थांबवायची. "कपडे बाहेर. तुम्ही जिना चढायच्या आधी तुमचा वास येऊन बसतो खुर्चीत." ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायची, तिच्या बोटांना खडू असायचा. ती रागावल्यासारखं करायची, पण एकदा आजोबा दोन आठवडे आजारी होऊन घरी होते, तेव्हा म्हणाली होती, "घर कसं परक्याचं वाटतंय. कामावर जा बघू एकदाचे."

गाडी सिग्नलला थांबली. गेल्या काही महिन्यांतल्या गोष्टी एकेक करून आजोबांच्या समोर येऊन बसू लागल्या, बोलावल्याशिवाय. हल्ली साबणाला वास नसतो अशी त्यांनी दुकानदाराकडे तक्रार केली होती. भाज्या बेचव झाल्यात, खतं फार मारतात, असं ते जेवताना म्हणाले होते आणि लेकीने मान हलवली होती. दूध तापवताना ते आधी मुंगीकडे बघत. तिचं नाक आक्रसलं की दूध ओतून द्यायचं, नाही आक्रसलं की प्यायचं. हे आपण का करतो असं त्यांनी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. आणि मग कपाट. त्यावर मात्र ते थबकले. मागच्या महिन्यात त्यांनी बायकोचं कपाट उघडलं होतं. तिचा राखाडी लोकरी स्वेटर तिथे होता. ती गेल्यापासून ते अधूनमधून कपाट उघडत, स्वेटरमध्ये चेहरा घालत, आणि पुन्हा बंद करत. खडू, हाताला लावायचं मलम, आणि त्याखाली तिचं असं काहीतरी, ज्याला नाव नव्हतं. मागच्या महिन्यात काही आलं नाही. त्यांनी स्वेटर नीट घडी करून ठेवला आणि मनाशी म्हणाले, गेला. इतकी वर्षं टिकला हेच पुष्कळ. ते रडले नाहीत. शीट शेवटी वाळतेच, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्यांनी त्या दिवशी मन घट्ट करून सगळं आवरतं घेतलं होतं. आणि आज एक रंगारी बिनझाकणाचा डबा घेऊन लिफ्टमध्ये चढला, आणि ते आवरलेलं पुन्हा उसवलं. गेलं होतं ते काय? स्वेटरमधलं, की इथलं? त्यांनी नाकाला बोट लावलं.

"बाबा, तुम्ही गप्प का?" लेकीने आरशातून विचारलं. "घाबरला नाहीत ना? तुमच्यासाठी डाव्या हातचा मळ आहे हे."

"मी कशाला घाबरू?" आजोबा म्हणाले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण लेकीने काल संध्याकाळी किती आनंदाने विचारलं होतं! तिचा कारखाना, म्हणजे पूर्वीचा आजोबांचाच, आता अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी उशा करत होता, तळहाताएवढ्या, मानेखाली ठेवायच्या. रुग्णालयाची अट अशी होती की उशीत काय उरलंय ते मोजणाऱ्या यंत्राचा नुसता आकडा चालणार नाही, पाच माणसांनी हुंगून सांगायचं. यंत्र कितीही खरं बोललं तरी उशीला वास आला की आई ती बाळापासून दूर सारते. एका बरणीत उशी बंद करायची, बरणी थोडी गरम करायची, झाकण उघडून हुंगायचं, आणि एक ते सहा यांतला आकडा द्यायचा. एक म्हणजे काहीच वास नाही, सहा म्हणजे पळा. "आमचा पाचवा हुंगणारा सर्दीने आडवा झालाय. तुम्ही बसता का, बाबा? नाकसाहेब आले म्हटल्यावर सगळे सरळ बसतील." बाप-लेकीत या कामावरून पूर्वी पुष्कळ वाद झाले होते. द्रावकांचा विभाग बंद होऊन ही नवी पद्धत आली तेव्हा आजोबा म्हणाले होते, "नाकाला कळत नाही ते कसलं द्रावक?" आणि लेक म्हणाली होती, "नाकाला कळत नाही हेच तर त्याचं मोठेपण." आता ती त्यांना स्वतःहून बोलावत होती. नाही कसं म्हणणार?

कारखान्यात पोचल्यावर लेकीने आधी मुंगीला उशा बनवायचं यंत्र दाखवलं. जाड पोलादाचं पात्र, त्याला बोल्टांची रांग, आणि पोटाशी नाण्याएवढी जाड काचेची खिडकी. "डोळा लाव. काय दिसतं?"

"पाणी. अर्ध्यापर्यंत."

"पाणी नाही. तू श्वास सोडतेस ना, त्यातला वायू आहे. कार्बन डायऑक्साइड. दाबून दाबून त्याचं असं पाणी झालंय. आता बघत राहा, मी थोडी ऊब देते. फार नाही, तुझ्या अंगात आहे त्याहून कमीच."

मुंगी बघत राहिली. आजोबाही तिच्या डोक्यावरून वाकून बघत राहिले. आतली पाण्याची रेष थरथरली, जाडसर झाली, मग सगळंच क्षणभर धुकं दाटल्यासारखं झालं, आणि धुकं निवळलं तेव्हा रेष नव्हती.

"गेली! कुठे गेली?"

"कुठेच नाही गेली. वरचं आणि खालचं एकच झालं."

"मग आता ते पाणी आहे का हवा?"

"दोन्ही नाही, आणि दोन्ही आहे," लेक म्हणाली. "हवेसारखं कुठेही शिरतं आणि पाण्यासारखं मळ विरघळवून घेतं. उशीच्या प्लास्टिकमध्ये जे नको ते अडकलेलं असतं, ते हे आत शिरून उचलतं. मग दाब कमी केला की पुन्हा वायू होऊन बाहेर पडतं, आणि जाता जाता उशी फुगवून जातं. आम्ही तो वायू धरतो आणि परत वापरतो. मागे काही उरत नाही."

काही उरत नाही. आजोबांनी ते शब्द ऐकले आणि त्यांना ते नेहमीसारखे खटकले नाहीत, पण आवडलेही नाहीत. ते नुसते त्या खिडकीकडे बघत राहिले, रेष होती त्या जागेकडे. आपल्या आतही अशीच एक रेष कधीतरी पुसली गेली असणार. ती पुसताना कोणी काचेला डोळा लावून बसलं नव्हतं.

हुंगायची खोली लहान, पांढरी आणि बिनखिडकीची होती. एकेकाने आत जायचं, टेबलावरच्या तीन बरण्या हुंगायच्या, आकडे चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचे. पहिल्या बरणीत मुद्दाम वास घातलेला असतो आणि दुसरी रिकामी असते, हे आजोबांना माहीत होतं; नाकं जागी आहेत का ते बघायची ही रीत त्यांच्याही काळात होती. उशी तिसऱ्या बरणीत. पॅकिंगमधली बाई आत जाऊन आली, हिशेब लिहिणारा जाऊन आला, बाकीचे दोघं जाऊन आले. सगळ्यांनी येताना नाक चोळलं. मग आजोबा उठले. मुंगी दाराशी थांबली; मुलांना आत मनाई होती. आजोबांनी सवयीने तिच्याकडे बघितलं. तिचं नाक दाराबाहेर होतं, त्याचा आता काही उपयोग नव्हता.

त्यांनी पहिलं झाकण उघडलं. डोळे मिटले. जुन्या सवयीने मान थोडी तिरकी केली. काही नाही. हा वास असणार, पाच नाहीतर सहा, लिहून टाकलं की कोणाला कळतंय? दुसरी बरणी, काही नाही, इथे एक लिहायचा. किती सोपं होतं! तिसरीचं झाकण त्यांनी उघडलं, नाक आत घातलं, आणि एकदम मागे आले. टोचलं. नाकात खोल वर, डोळ्यांच्या मध्ये, सुईसारखं काहीतरी टोचलं आणि विरलं. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. आलं! त्यांनी बरणी दोन्ही हातांनी धरली, लहान मुलाचा चेहरा धरतात तशी, आणि पुन्हा हुंगलं. पुन्हा टोचलं, थोडं कमी. नाक परत आलं! म्हणजे कपाटातलं गेलं होतं ते खरंच गेलं होतं, पण नाक आहे, असेना का. त्यांनी घाईघाईने पहिली बरणी पुन्हा उघडली आणि श्वास ओढला. काही नाही. आणखी जोरात ओढला. काही नाही. त्या बरणीत त्यांना काय सापडायला हवं होतं तेही त्यांना माहीत होतं, आणि ते तिथे नव्हतं. ते स्टुलावर बसले. नाक परत आलं नव्हतं. मग तिसऱ्या बरणीत टोचलं ते काय?

दाराबाहेर बोलणं चाललं होतं. चिठ्ठ्या उघडल्या होत्या, चौघांच्या. "सगळ्यांनी उशीला तीन नाहीतर चार दिलाय," हा लेकीच्या साहेबांचा आवाज. "यंत्र म्हणतं आत काही नाही. नाकं म्हणतात आहे. मी कोणाचं ऐकू?"

"यंत्रात काहीच दिसत नाहीये, साहेब. मी पुन्हा एकदा—"

"पुन्हा एकदा किती वेळा? रुग्णालय थांबायचं नाही. पाचवी चिठ्ठी तशीच आली तर आपण जुन्या पद्धतीची शीटच बाहेरून आणून देऊ आणि हे काम बाजूला ठेवू. बाळांच्या नाकाशी खेळ नको."

त्यात साहेबांचं काही चुकत नव्हतं. आजोबांनी पेन्सिल हातात घेतली. तीन लिहिला की झालं. पाचही नाकं सारखी, नाकसाहेब नाकसाहेबच राहतील, आणि लेकीची इतक्या वर्षांची मेहनत फडताळात जाईल. पण मला कशाचाच वास येत नाही, ते विचार करत होते, आणि हे मला आलं. मग जे मला आलं तो वास नाही. बाकीच्यांना ते वेगळं करता यायचं नाही. धडधाकट नाकात टोचणं आणि वास एकाच दाराने येतात आणि हातात हात घालून बसतात. हे फक्त मलाच सांगता येईल, आणि ते सांगायचं तर आधी दुसरं सांगावं लागेल. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ते फार वेळ बसले नाहीत. बसले असते तर उठले नसते.

"आकडा?" बाहेर आल्यावर साहेबांनी विचारलं.

"आकडा नाही लिहिला," आजोबा म्हणाले. ते लेकीकडे बघत होते. "मला वास येत नाही, बाळ. कशाचाच नाही. पहिल्या बरणीचाही नाही आला. माझं नाक गेलंय."

हिशेब लिहिणारा आपल्या बुटांकडे बघू लागला. पॅकिंगमधली बाई म्हणाली, "अगं बाई!" आणि तोंडावर हात ठेवला.

"कधीपासून?" लेकीने विचारलं.

"ते नाही सांगता येत. कळलं आज सकाळी. लिफ्टमध्ये."

"आणि तरी येऊन बसलात?"

"बसलो खरा," आजोबा म्हणाले. "पण ऐक. तिसऱ्या बरणीत मला टोचलं. वास नाही, टोचलं. ज्याला वास येत नाही त्याला जे कळतं ते वास कसं असेल? यांना चौघांना तेच झोंबलंय, आणि त्यांनी त्याला वास म्हटलं."

मुंगी पुढे आली. "टोचलं म्हणजे कसं, आजोबा? मिरचीसारखं?"

"नाही गं. मिरची रेंगाळते. हे टोचतं आणि पळतं. वर, इथे."

"सोडा पिताना हसू आलं की नाकात जातं, तसं?"

"तस्सं," आजोबा म्हणाले.

लेकीने कपाळावर हात मारला, चांगला फाडकन आवाज आला. "सोडा! आपलाच वायू! अहो, काल संध्याकाळी उशा पात्रातून काढल्या आणि सकाळी तशाच बरण्यांत भरल्या. घाईत त्यांना आराम द्यायचाच राहिला. वायू अजून आतून निघतोय, बरणीत साठलाय आणि नाकाला झोंबतोय."

"मग यंत्राने का नाही सांगितलं?" साहेब म्हणाले.

"यंत्राला आम्ही मळाबद्दल विचारलं, ते मळाबद्दल बोललं. वायूबद्दल कोण विचारणार? तो तर आम्हीच भरला होता." ती हसत होती, पण आजोबांकडे बघताना हसणं मध्येच थांबलं. साहेब म्हणाले, "उशा मोकळ्यावर ठेवा. उद्या पुन्हा हुंगू." आणि जाता जाता आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. त्या हाताचं काय करायचं ते आजोबांना कळेना.

परतताना गाडीत लेक म्हणाली, "साबणाची तक्रार केलीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आपण डॉक्टरांकडे जाऊ." आजोबा "हं" म्हणाले. "आणि दूध? एकटे असताना नासकं दूध प्यायलात तर?"

"मी आधी मुंगीकडे बघतो," आजोबा म्हणाले.

"मला माहितीये," मुंगी म्हणाली.

"काय माहितीये?"

"तुम्ही आधी माझ्याकडे बघता आणि मग भांडं उचलता. म्हणून मी नाक मोठ्ठं करून दाखवते. तुम्हाला चष्म्यातून नीट दिसावं म्हणून."

आजोबा हसले. खूप दिवसांनी पोटातून हसले, आणि त्यांना हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचं थोडं वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात दोघंच होती. फोन आला. "बाबा, सगळ्यांनी एक दिला! पाचही जणांनी! तुमच्या जागी कारखान्याचा ड्रायव्हर बसला होता, त्याने तर विचारलं, बरणीत काही घातलंय का नाही?" आजोबा म्हणाले, "छान. फार छान." उन्हाची एक पट्टी जमिनीवरून सरकत कपाटाच्या पायाशी गेली होती. आजोबा तिच्याकडे बघत होते. विचारावं का? विचारलं नाही तर दोन्ही खरं राहील, आहे आणि नाही, त्या पात्रातल्यासारखं, मध्ये रेष नसलेलं. विचारलं की एकच काहीतरी उरेल. लेकीच्या उशांतून सगळं निघून गेलं याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. पण लोकर म्हणजे काही ते प्लास्टिक नव्हे, आणि त्यांना इथे एक हा आकडा नको होता.

"मुंगे," ते म्हणाले, "माझं एक काम करशील? आजीचा स्वेटर आहे कपाटात, राखाडी. जरा हुंगून बघ. आणि आहे तेच सांग. दुधासारखं नाक मोठं करू नको."

मुंगीने खेळ तिथेच टाकला. आजी गेली तेव्हा ती अगदी लहान होती, पण आजीच्या मांडीवर बसून तिने खडूने रेघा ओढल्या होत्या. तिने कपाटाचं दार उघडलं. चवड्यांवर उभी राहून स्वेटर ओढून काढला. आजोबा खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी डोळेही मिटले नाहीत. मुंगीने स्वेटर दोन्ही हातांवर घेतला आणि त्यात चेहरा घातला. तिची पाठ एकदा वर झाली, खाली झाली, पुन्हा वर झाली. ती बराच वेळ तशीच राहिली. आजोबांना तिचा चेहरा दिसत नव्हता.

मग तिने काय केलं, तेवढं सांगतो आणि थांबतो. तिने स्वेटर घाईघाईने आत ठेवला, कपाटाचं दार धाडकन लावलं, किल्ली फिरवली, आणि आतलं काही सांडू नये म्हणून दोन्ही हात पसरून दाराला पाठ लावून उभी राहिली.